तेरा चॅनेल, पाच जणांचा बँड: ॲनलॉग मिक्सर ठेवावा की डिजिटल घ्यावा?

खर्जातला

नमस्कार मंडळी,

पाच जणांचा बँड आहे. सगळ्यांनी एकत्र वाजवून तालमीच्या खोलीतच रेकॉर्ड करायचं आहे. एकेकाला स्वतंत्र बसवून थर चढवायचे नाहीत. नंतर कॉम्प्युटरवर मिक्स करणार.

चॅनेलांची यादी: ड्रम्सचे किक १, स्नेअर १, टॉम २, ओव्हरहेड (ड्रम्सच्या वर लावलेले माइक) २, बेस डीआयमधून (बेस थेट मिक्सरला जोडणारी डबी) १, गिटार ॲम्पला माइक १, कीबोर्ड डावा-उजवा २, मुख्य गायिका १ आणि मागून साथ करणारे २ आवाज. एकूण १३.

हाताशी १६ चॅनेलचा ॲनलॉग मिक्सर आहे: ४ ग्रुप (काही चॅनेलं एकत्र करून बाहेर देणाऱ्या वाटा), ४ ऑक्स (हेडफोन वगैरेसाठी वेगळा मिक्स देणाऱ्या वाटा; त्यातले २ प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या, पातळीच्या सरकपट्टीच्या, आधीचे), मागे यूएसबी. त्याशिवाय ८ लाइन इनपुटचा एक ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) आहे. मिक्सरची यूएसबी कॉम्प्युटरला जोडली तर सॉफ्टवेअरमध्ये फक्त दोनच ट्रॅक दिसतात. ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहिला, तरी तेच.

प्रश्न असे:

१) दोनच ट्रॅक का?
२) आहे त्याच सामानात १३ चॅनेलं वेगळी मिळतील का, की डिजिटल मिक्सरच घ्यावा लागेल?
३) ॲनलॉगचा आवाज "उबदार" आणि डिजिटलचा "कोरडा" असं सगळे सांगतात. बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये हा फरक खरंच ऐकू येतो का?

---

लालदिवा

ड्रायव्हरचा काही दोष नाही. बहुतेक ॲनलॉग मिक्सरच्या यूएसबीत फक्त मेन मिक्सचा डावा-उजवा जातो. समोर फेडर १६ असले तरी आतला कन्व्हर्टर (सिग्नलचे आकडे करणारा भाग) दोन चॅनेलचाच असतो. जाहिरातीत "यूएसबी मिक्सर" लिहिलेलं असलं की घ्यायच्या आधी मॅन्युअलमध्ये "२ इन / २ आउट" शोधायचं. याला अपवाद असलेले ॲनलॉग मिक्सरही आहेत. साउंडक्राफ्ट सिग्नेचर २२ एमटीके हा २४ चॅनेल कॉम्प्युटरला पाठवतो, २२ परत घेतो. टॅस्कॅम मॉडेल २४ कॉम्प्युटरशिवाय थेट एसडी कार्डावर २४ ट्रॅक लिहितो. म्हणजे "ॲनलॉग म्हणजे दोन ट्रॅक" हे समीकरणही खरं नाही.

माझ्या मते तुमचा प्रश्नच थोडा बदलायला हवा. ॲनलॉग की डिजिटल, यापेक्षा सिग्नल वाटेत कुठून काढला हे रेकॉर्डिंगसाठी जास्त महत्त्वाचं. मिक्सरच्या एका चॅनेलमधली वाट साधारण अशी असते: प्रीअँप (माइकचा सिग्नल मोठा करणारा, गेनचा नॉब याचाच), लो-कट (अगदी खालचा खर्ज कापणारा), इन्सर्ट (सिग्नल मधेच बाहेर काढून परत आणायचा जॅक), ईक्यू (खर्ज-तार कमीजास्त करणारा), फेडर, पॅन (डावी-उजवी जागा), मग ग्रुप किंवा मेन. इन्सर्टपाशी सिग्नल काढलात तर रेकॉर्डिंगवर फक्त गेनच्या नॉबचा (आणि बहुधा लो-कटचा) परिणाम होतो. ईक्यू कितीही फिरवा, फेडर खाली ओढा, ट्रॅक जसाच्या तसा. फेडरनंतर काढलात तर खोलीतल्या स्पीकरसाठी कुणी गायिकेचा फेडर चढवला की तो चढही कायमचा ट्रॅकमध्ये बसतो.

डायरेक्ट आउट (एकेका चॅनेलचा स्वतंत्र आउटपुट) असलेले मिक्सर इथे फसवतात. मधल्या दर्जाच्या अनेक ॲनलॉग मिक्सरवर डायरेक्ट आउट पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरनंतरचा असतो. काहींत तो प्री करायला झाकण उघडून आतला जंपर हलवावा लागतो. मॅन्युअलच्या शेवटी ब्लॉक डायग्राम असतो, तेवढं एक पान वाचलं की पुढचे दोन दिवस वाचतात.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. "उबदारपणा" येतो ट्रान्सफॉर्मरमधून, डिस्क्रीट सर्किट जोरात चालवल्यावर किंवा टेपमधून. छोट्या ॲनलॉग मिक्सरमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे ऑप-अँपचे साधे, स्वच्छ प्रीअँप असतात. ते मर्यादेबाहेर ढकलले की उबदार होत नाहीत, सरळ फाटतात. आणि डिजिटल मिक्सरचा प्रीअँपही ॲनलॉगच असतो. माइकचा काही मिलिव्होल्टचा सिग्नल आधी ॲनलॉगमध्येच मोठा होतो, मग त्याचे आकडे होतात. तुमच्या वर्गातला ॲनलॉग मिक्सर आणि त्याच तोडीचा डिजिटल मिक्सर शेजारी ठेवले, गेन बरोबर लावला आणि पातळी समान केली, तर तयार मिक्समध्ये फरक ओळखणारा कान विरळा. ओव्हरहेड एक वीत सरकवलात तर मात्र कुणालाही कळेल.

---

जॅकपिन

लालदिवा यांच्याशी सहमत. डिजिटल घ्यायच्या आधी आहे त्या सामानातून किती निघतं ते सांगतो. १३ चॅनेलं ८ इनपुटांत बसवता येतात.

इन्सर्टची केबल. इन्सर्टचा जॅक टीआरएस (टिप, रिंग, स्लीव्ह असे तीन संपर्क असलेला) असतो. बहुतेक ठिकाणी टिपवर सिग्नल बाहेर जातो (सेंड), रिंगवरून परत येतो (रिटर्न). काही जण साधा मोनो जॅक "पहिल्या खटक्यापर्यंत" अर्धवट खोचतात. चालतं, पण केबलला पाय लागून जॅक पूर्ण आत गेला की रिटर्न ग्राउंडला शॉर्ट होतो. त्यानंतर ट्रॅक रेकॉर्ड होत राहतो, पण ते चॅनेल मेनमधून आणि हेडफोनमधून गायब होतं. भर टेकमध्ये बेसवाला हात वर करतो आणि कारण सापडत नाही.

त्यापेक्षा केबल बनवून घ्या. मिक्सरच्या बाजूला टीआरएस जॅक: टिप आणि रिंग एकमेकांना जोडून दोन्हीवर केबलची आतली तार, स्लीव्हवर जाळी. इंटरफेसच्या बाजूला साधा मोनो जॅक: टिपवर तार, स्लीव्हवर जाळी. हा जॅक पूर्ण आत खोचायचा. सेंड-रिटर्न आतच जोडलेले राहतात, चॅनेल चालू राहतं आणि सिग्नलची शाखा इंटरफेसला मिळते. एखाद्या जुन्या मिक्सरवर टिप-रिंग उलट असली तरी फरक पडत नाही, कारण दोन्ही एकत्रच आहेत. ही वाट अनबॅलन्स्ड (बाहेरची खरखर सहज पकडणारी) आहे, म्हणून केबल ३ मीटरच्या आत ठेवा. इंटरफेस मिक्सरला खेटूनच असू दे.

इंटरफेसचं इनपुट लाइन म्हणून लावा. "इन्स्ट्रुमेंट" किंवा "हाय-झी" बटण दाबलेलं राहिलं तर पातळी चढते आणि सगळं फाटतं.

आठ इनपुटांची वाटणी:

- १ ते ५ इन्सर्टमधून: किक, स्नेअर, बेस, गिटार, मुख्य गायन
- ६ आणि ७ ग्रुप १-२ मधून: दोन ओव्हरहेड आणि दोन टॉम, पॅन करून, स्टीरिओ
- ८ ग्रुप ३ मधून: साथीचे दोन आवाज

कीबोर्ड राहिला म्हणाल. त्याची यूएसबी किंवा मिडी केबल कॉम्प्युटरला लावा आणि मिडी रेकॉर्ड करा. वाजवताना सगळ्यांना आवाज मिक्सरमधून ऐकू येईल, ट्रॅकमध्ये सुरांची, दाबाची आणि पेडलची नोंद होईल. नंतर तीच मिडी कीबोर्डला परत पाठवून डावा-उजवा निवांत रेकॉर्ड करायचा. एकही ऑडिओ इनपुट खर्च होत नाही. अट एकच: कीबोर्डच्या आतली स्वयंचलित ऱ्हिदम किंवा आर्पेजिओ वापरत असाल तर टेम्पो जुळवावा लागतो. नसेल तर काही अडचण नाही.

ग्रुपमध्ये जे एकत्र झालं ते नंतर सुटत नाही, हे लक्षात असू द्या. म्हणून टॉमची पातळी ओव्हरहेडच्या तुलनेत आधीच ऐकून ठरवा. इथे मात्र फेडर रेकॉर्ड होतो, तेव्हा त्या सहा चॅनेलांचे आणि ग्रुपचे फेडर टेक चालू असताना कुणी हलवायचे नाहीत. चिकटपट्टी लावा सरळ.

इंटरफेसला मागे ऑप्टिकल एडॅट इनपुट (एकाच प्रकाश-केबलवरून अनेक चॅनेलं घेणारं) आहे का पाहा. असेल तर ८ चॅनेलचा एक प्रीअँप जोडून ४८ किलोहर्ट्झवर आणखी ८ ट्रॅक मिळतात (९६ वर चारच). मग वाटणीचा सगळा खटाटोपच नको.

एक मोह टाळा: मिक्सरची यूएसबी आणि इंटरफेस एकाच वेळी वापरून ८ + २ करायचा. दोन यंत्रांची घड्याळं (सॅम्पलचा वेग ठरवणारी) वेगळी. विंडोजमध्ये एएसआयओ (रेकॉर्डिंगसाठीची ड्रायव्हरची पद्धत) एका वेळी एकच यंत्र धरतं. इतर मार्गांनी जमवलं तरी लांब टेकमध्ये ट्रॅक एकमेकांपासून सरकतात.

---

शून्यडीबी

मी डिजिटलच्या बाजूने लिहितो, पण कारण आवाजाचं नाही. पाच जण एकत्र वाजवणार आणि तुमच्याकडे प्री-फेडर ऑक्स फक्त दोन. म्हणजे पाच जणांना दोन हेडफोन मिक्स. ड्रमरला बेस हवा, गायिकेला कीबोर्ड हवा आणि ड्रम नकोत. तडजोड करत वाजवलं की टेकमध्ये ते ऐकू येतं. १६ प्रीअँपच्या साध्या डिजिटल रॅक मिक्सरवरही सहा ऑक्स मिळतात आणि प्रत्येक जण फोनवरून आपापला मिक्स लावतो. बँडच्या रेकॉर्डिंगसाठी डिजिटल घ्यायचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं.

दुसरं कारण रिकॉल. आज अर्धं झालं, उरलेलं पुढच्या आठवड्यात, तर सीन (साठवून ठेवलेली सगळी मांडणी) लोड केला की गेनसकट सगळं परत येतं. ॲनलॉगवर फोटो काढून नॉब जुळवत बसावं लागतं आणि ते कधी तंतोतंत जुळत नाही.

घेतलात तर या गोष्टी पहिल्या दिवशीच करा.

टॅप पॉइंट. यूएसबीला कुठला सिग्नल जातो ते राउटिंगच्या पानावर निवडता येतं. प्रीअँपनंतर लगेच, ईक्यूच्या आधीचा निवडा. कारखान्यातून कुठलं सेटिंग आलंय यावर भरवसा ठेवू नका. तपासायची रीत: एका चॅनेलवर बोलत राहा, ईक्यूचा एक बँड पूर्ण खाली ओढा, फेडरही पूर्ण खाली न्या आणि रेकॉर्ड झालेलं ऐका. काहीच बदललं नसेल तर बरोबर.

गेन. सर्वांत जोराच्या जागी पीक उणे १२ ते उणे १० डीबीएफएसपर्यंत (यात ० ही डिजिटलची कमाल मर्यादा), सरासरी उणे १८ च्या आसपास. २४ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत जोराच्या आवाजात कागदावर १४४ डीबी अंतर असतं. चांगले कन्व्हर्टर प्रत्यक्षात ११० ते १२० देतात. तेव्हा १२ डीबी मोकळे सोडून काही गमावत नाही. "आतलं प्रोसेसिंग फ्लोटिंग पॉइंट आहे, क्लिप होणार नाही" हे अर्धसत्य आहे. आत होत नाही, पण कन्व्हर्टरच्या दारात ० ओलांडलं की लाटेचा माथा सपाट झालाच. नंतर डिजिटल ट्रिम उणे करून तो परत येत नाही. ड्रमर चाचणीला हळू वाजवतो आणि टेकला जोर धरतो, हे सगळीकडचं सत्य. चाचणीच्या वेळी गाण्याचा सर्वांत जोराचा भागच वाजवायला सांगा.

आणि टेक सुरू झाला की गेनला हात लावायचा नाही. प्री-ईक्यू टॅपमध्ये गेन हा एकच नॉब रेकॉर्ड होतो.

जागा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो. १६ ट्रॅक म्हणजे मिनिटाला १३८ एमबी, तासाला सुमारे ८.३ जीबी. थेट कार्डावर लिहिणारी काही यंत्रं सगळी चॅनेलं एकाच वेव्ह फाइलमध्ये गुंफतात आणि ४ जीबी झाले की नवी फाइल काढतात. १६ चॅनेलला ती वेळ ३१ मिनिटांनी येते, ३२ चॅनेलला साडेपंधरा मिनिटांनी. तुकडे टाइमलाइनवर एकामागोमाग चिकटवून ठेवले की जोड ऐकू येत नाही. कार्ड किंवा पेनड्राइव्ह त्याच मिक्सरमध्ये फॉरमॅट करा. भेट म्हणून मिळालेले पेनड्राइव्ह लिहिण्यात अडखळतात आणि मधेच रेकॉर्डिंग थांबतं.

वीज. ॲनलॉग मिक्सर वीज येताच चालू होतो. डिजिटलला सुरू व्हायला वेळ लागतो आणि मधेच वीज गेली तर उघडी असलेली फाइल नीट बंद होत नाही. मिक्सर, राउटर आणि कॉम्प्युटर छोट्या यूपीएसवर. रॅक मिक्सरच्या आतल्या वायफायवर विसंबू नका, वेगळा राउटर केबलने जोडा.

---

खर्जातला

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. टिप-रिंग जोडलेल्या पाच केबल बनवून आठही ट्रॅक आले! पण दोन अडचणी.

एक, मिक्सरचे मीटर हिरव्यातच असतात, वर एखाददुसरा पिवळा, तरी इंटरफेसवर ग्रुप १-२ चे ट्रॅक लाल होतात. इन्सर्टवाले नाहीत होत.

दोन, गायिका म्हणते की हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज "नळकांड्यातून आल्यासारखा" पोकळ वाटतो. हेडफोन सध्या इंटरफेसला लावले आहेत, सॉफ्टवेअरमधून ऐकू येईल असं ठेवून. बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ६४ सॅम्पल.

---

जॅकपिन

पहिली अडचण पातळी न जुळण्याची. मिक्सरवर ० व्हीयू (मीटरवरचा शून्य) म्हणजे बहुधा +४ डीबीयू (सिग्नलचं व्होल्टेज मोजायचं माप), म्हणजे १.२३ व्होल्ट. मिक्सर स्वतः +२२ डीबीयूच्या आसपास फाटतो, म्हणून त्याच्या दृष्टीने वर अजून १८ डीबी मोकळे आहेत. पण इंटरफेसचं लाइन इनपुट +१६ डीबीयूलाच भरत असेल, तर मिक्सरचा ० हा इंटरफेसवर उणे १२ डीबीएफएस असतो. त्यावर टॉमचा फटका १५ डीबी उसळला की मिक्सर निवांत आणि इंटरफेस लाल. इन्सर्टची पातळी बऱ्याच मिक्सरवर ० डीबीयूच्या आसपास असते, आणि तिथे ग्रुपसारखी चार चॅनेलांची बेरीजही नसते. म्हणून ते ट्रॅक वाचले.

उपाय: सॉफ्टवेअरमधून १ किलोहर्ट्झचा टोन मिक्सरच्या एका चॅनेलला द्या, ग्रुपच्या मीटरवर ० आणा आणि इंटरफेसवर उणे १८ दिसेपर्यंत इंटरफेसचा इनपुट गेन खाली घ्या. तिथे गेन पूर्ण खाली असूनही जास्तच दिसत असेल तर ग्रुपचा फेडर खाली घ्या आणि नव्या जागी खूण करा. चॅनेलचा गेन मात्र कमी करू नका, ती गडबड पुढे आहे, मागे नाही.

---

शून्यडीबी

दुसरी अडचण लेटन्सीची, म्हणजे आवाज उशिरा पोचण्याची. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे १.३३ मिलिसेकंद. पण जाताना एक बफर, येताना एक, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचा वेळ, असं धरून प्रत्यक्षात त्याच्या काही पट होतं. गिटारवाल्याला हे जाणवत नाही, कारण ॲम्पपासून दीड मीटरवर उभं राहिलं तरी आवाज पोचायला साडेचार मिलिसेकंद लागतातच. गायिकेचं तसं नाही. स्वतःचा आवाज तिला कवटीच्या हाडांतून त्याच क्षणी ऐकू येतो, आणि हेडफोनमधला थोडा उशिरा. दोन्हींची बेरीज झाली की काही कंप्रता कटतात. १ मिलिसेकंद उशीर असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झला खड्डे पडतात. तेच ते नळकांडं.

इथे तुमचा ॲनलॉग मिक्सर उजवा ठरतो, त्याच्यात उशीर शून्य. हेडफोन ॲम्प मिक्सरच्या प्री-फेडर ऑक्सवर लावा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा. बफर मग ५१२ ठेवलात तरी चालेल, उलट क्लिकचे आवाज टळतील. दोन्ही वाटा एकदम चालू राहिल्या तर पोकळपणा आणखी वाढेल, तेवढं बघा.

डिजिटल मिक्सरमधून थेट ऐकलं (कॉम्प्युटर वगळून) तरी १ ते २ मिलिसेकंद असतातच. बहुतेकांना त्रास होत नाही. एखाद्या गायकाला झालाच तर त्याच्या हेडफोन मिक्समध्ये पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून पाहा. खड्ड्यांच्या जागा बदलतात आणि काही आवाजांना ते बरं वाटतं. रेकॉर्ड होणाऱ्या ट्रॅकची पोलॅरिटी तशीच ठेवायची.

---

मागचीरांग

थोडं विषयांतर. एका खोलीत सगळे वाजवणार, तर गायिकेच्या माइकमध्ये झांजा शिरणार, आणि ते कुठलाही मिक्सर थांबवू शकत नाही. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक सर्वांत बहिरा पाठीमागे, १८० अंशांत असतो. सुपरकार्डिऑइड साधारण १२६ अंशांत, म्हणजे तिरका मागे. माइकचा प्रकार बघून तो बहिरा कोन ड्रम्सकडे करा आणि गायिकेला त्यानुसार उभं करा. बऱ्याचदा गायिका ड्रमरकडे तोंड करून उभी राहिली की माइकची पाठ आपोआप ड्रम्सकडे होते. डोळ्यांनी खुणाही करता येतात.

आणि शून्यडीबी यांच्या एका मुद्द्याला छोटा विरोध: रिकॉलसाठी डिजिटल हवं, हे या कामात तितकं पटत नाही. इन्सर्टमधून घेतलेल्या ट्रॅकसाठी गेनचे पाच नॉब आणि लो-कट तेवढे लक्षात ठेवायचे आहेत. ग्रुपच्या सहा चॅनेलांना फेडर, पॅन आणि ईक्यू लिहून ठेवावा लागेल, तोही कागदाच्या एका बाजूवर मावतो. हेडफोन मिक्सचा मुद्दा मात्र बिनतोड. दोन ऑक्सवर पाच जण नाही भागत.

---

शून्यडीबी

मान्य, या कामापुरता रिकॉल गौण.

खर्जातला, पुढेमागे डिजिटल आणलात तर प्रोजेक्ट आणि मिक्सर दोन्ही ४८ किलोहर्ट्झवर आहेत ना, हे दर वेळी बघा. ४४.१ ला घेतलेली फाइल ४८ समजून वाजली तर गाणं जवळजवळ ९ टक्के जलद होतं आणि पट्टी दीड अर्धस्वराने चढते. आणि एडॅटने काही जोडलंत तर घड्याळाचा मालक एकच ठेवा, दुसरं यंत्र "एक्स्टर्नल"वर. दोन्ही "इंटर्नल"वर राहिली की काही सेकंदांनी एकदा टिक् असा आवाज येतो. हेडफोनमध्ये तो ड्रम्सखाली दडतो आणि मिक्स करताना शांत जागी सापडतो. म्हणून पहिल्या टेकच्या आधी कुणीही न वाजवता दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि ती आवाज वाढवून ऐका.

---

खर्जातला

हेडफोन मिक्सरच्या ऑक्सवर लावले, नळकांडं गेलं. ग्रुपचा ० आता इंटरफेसवर उणे १८ ला बसतोय. ड्रमर आणि बेस ऑक्स १ वर, बाकी तिघं ऑक्स २ वर असं सध्या वाटून दिलंय. कीबोर्डवाला कुरकुरतोय.